यादीतली जागा

माझी आई वीस वर्षं भिशी चालवायची. बारा बायका, दर महिन्याची पाच तारीख आणि जाड पुठ्ठ्याची एक लांबट वही. डावीकडे नंबर, पुढे नाव, त्यापुढे महिन्यांच्या चौकटी. कुणी भिशी सोडली की आई त्या नावावर लाल पेनने आडवी रेघ मारायची. नंबर मात्र बदलायची नाही. सहा, मग रेघ मारलेला सात, मग आठ. नवीन बाई आली की ती शेवटी, तेरावी. मी लहानपणी एकदा विचारलं होतं की सात नंबर मोकळा आहे, तर नव्या काकूंना तिथेच का नाही लिहीत? ती म्हणाली, "अगं, सात नंबर त्यांचा होता. मागच्या पानांवर सातपुढे ज्या सह्या आहेत त्या त्यांच्या. तिथे दुसरीला बसवलं तर तो हिशेब कुणाचा म्हणायचा?"

हे बोलणं मला पुन्हा आठवलं ते २०२१ साली, पुण्यात बाणेरच्या ऑफिसात, रात्री साडेनऊच्या सुमाराला. समोर लाल अक्षरांत एक एरर होती आणि ती का आली याचा मला दुपारपासून पत्ता लागत नव्हता.

मी २०१८ पासून सॉलिडिटी या भाषेत स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारे प्रोग्राम, लिहिते. त्याआधी जावामध्ये काम केलं होतं, त्यामुळे ॲरे मला नवीन नव्हता. ॲरे म्हणजे रांगेत मांडलेली यादी. पहिल्या घराचा नंबर शून्य, पुढचा एक, आणि बारा जण असतील तर शेवटचा अकरा. जावात चूक झाली की प्रोग्राम पडतो, लॉगमध्ये ओळ क्रमांक मिळतो, आपण दुरुस्त करतो आणि नवीन आवृत्ती चढवतो. ब्लॉकचेनवर तसं नाही. एकदा साखळीवर चढलेलं कॉन्ट्रॅक्ट, मुद्दाम तशी सोय केलेली नसेल तर, बदलता येत नाही. ओळ क्रमांक मिळत नाही. प्रत्येक पावलाला गॅस, म्हणजे पैसे, मोजावे लागतात. आणि कंपायलर एका शब्दानेही तक्रार करत नाही, कारण यादीत आज किती जण आहेत हे त्याला माहीत नसतं. ते चालवताना कळतं. माझ्या कामाची बरीच वर्षं या 'चालवताना कळतं'मध्ये गेली.

सुरुवातीच्या काळात तर नीट कळायचंही नाही. २०१८ मधल्या सॉलिडिटीत यादीच्या हद्दीबाहेर हात घातला की 'इनव्हॅलिड ऑपकोड' एवढंच यायचं आणि ट्रान्झॅक्शनला दिलेला सगळा गॅस जायचा. माझी पहिली चूक अगदी प्राथमिक होती. लूपमध्ये 'लेंग्थपेक्षा लहान'ऐवजी 'लेंग्थपेक्षा लहान किंवा तितकंच' लिहिलं होतं. रीमिक्स या एडिटरमध्ये तीस लाख गॅस ठेवलेला, तो एका फटक्यात संपला. एवढा गॅस संपला म्हणजे लूप फारच जड आहे असं समजून मी दोन दिवस लूपमधली कामं कमी करत बसले. त्या गॅसचा लूपच्या वजनाशी काही संबंध नव्हता. ती एका पावलाची चूक होती आणि तिची शिक्षा म्हणून सगळा गॅस जप्त झाला होता.

डिसेंबर २०२० मध्ये सॉलिडिटीची ०.८ आवृत्ती आली आणि हे बरंच सुधारलं. आता हद्दीबाहेर गेलं की 'पॅनिक' मिळतो, सोबत एक कोड मिळतो आणि उरलेला गॅस परत मिळतो. परत आलेल्या डेटाची सुरुवात चार-ई-चार-आठ-सात-बी-सात-एक अशी असली की समजायचं, पॅनिक आहे. शेवटी बत्तीस असेल तर यादीची हद्द ओलांडली. एकतीस असेल तर रिकाम्या यादीतून पॉप करायला, म्हणजे शेवटचं घर काढायला, गेलो. अकरा असेल तर आकडेमोड शून्याच्या खाली किंवा कमाल मर्यादेच्या वर गेली. हे आकडे षोडशमान पद्धतीतले, म्हणजे हा बत्तीस आपल्या मोजणीत पन्नास. काही साधनं तो पन्नास असाच दाखवतात, आणि नवा माणूस पन्नासावं घर शोधत बसतो. आमच्या टीममध्ये 'बत्तीस नंबर आलाय' एवढं म्हटलं की पुरतं.

तर बाणेरची ती रात्र. एका छोट्या संस्थेसाठी आम्ही भिशीसारख्या बचतीचं कॉन्ट्रॅक्ट बनवत होतो आणि पॉलिगॉनच्या चाचणी साखळीवर ते चालवून बघत होतो. त्या साखळीचं नाव तेव्हा 'मुंबई' होतं. खरे पैसे नव्हते, पण माणसं खरी होती. संस्थेतल्याच बारा जणांनी मोबाइलवर वॉलेट घेऊन महिनाभर ते वापरायचं असं ठरलं होतं. तीन आठवडे सुरळीत गेले. मग एका सभासदाला बाहेर पडायचं होतं, आणि दर वेळी बत्तीस नंबर.

मला ते अशक्य वाटत होतं. सभासद काढण्याचं फंक्शन मीच लिहिलं होतं. सॉलिडिटीत यादीच्या मधलं घर सहज काढून टाकता येत नाही. 'डिलीट' म्हटलं तर त्या घरातला मजकूर पुसून शून्य होतो, पण घर तसंच राहतं, आईच्या वहीतल्या रेघ मारलेल्या सातसारखं. सगळ्यांना एकेक घर पुढे सरकवायचं तर प्रत्येक सरकवण्याला गॅस. म्हणून सगळे एक युक्ती करतात: शेवटच्या माणसाला उचलून रिकाम्या घरात बसवायचं आणि शेवटचं घर पॉप करून टाकायचं. मीही तेच केलं होतं. कोण कुठल्या घरात आहे हे पटकन सापडावं म्हणून सोबत एक मॅपिंग ठेवलं होतं, वॉलेटच्या पत्त्यावरून घर नंबर देणारं. टेस्ट होत्या आणि सगळ्या हिरव्या होत्या.

शेवटी साखळीवरचा साठा थेट वाचायला घेतला. बदलत्या लांबीच्या ॲरेची मांडणी ठरलेली असते. ज्या स्लॉटवर ॲरे घोषित केला असेल तिथे फक्त लांबी असते आणि घरं त्या स्लॉट क्रमांकाच्या हॅशपासून पुढे सुरू होतात. लांबीचा स्लॉट वाचला. चौसष्ट अंकांची ओळ, बहुतेक शून्यं आणि शेवटी 'बी'. म्हणजे अकरा. बरोबर होतं, दहा दिवसांपूर्वी एक जण बाहेर पडला होता, तेव्हा बाराचे अकरा झाले होते. मग बाहेर पडू पाहणाऱ्या सभासदाचा घर नंबर मॅपिंगमधून वाचला. पुन्हा तशीच ओळ. शेवटी 'बी'.

लांबी अकरा म्हणजे घरं शून्य ते दहा. अकरावं घर नाहीच. तरी हा माणूस अकराव्या घरात राहतो अशी नोंद होती.

मी कागदावर बारा चौकोन काढले. दहा दिवसांपूर्वी घर नंबर चारमधला सभासद गेला. युक्तीप्रमाणे शेवटच्याला, म्हणजे अकरामधल्याला, मी चारमध्ये आणून बसवलं आणि शेवटचं घर पाडलं. यादी बरोबर झाली. पण मॅपिंगमध्ये त्याचा नवा घर नंबर लिहायचा राहिला होता. एक ओळ. त्या दिवशी ट्रान्झॅक्शन यशस्वी झालं, कुठेही काही पडलं नाही. चूक झाली त्या दिवशी आवाज आला नाही, तो आला दहा दिवसांनी, दुसऱ्याच माणसाच्या नावावर. आणि माझ्या टेस्ट हिरव्या का होत्या? कारण प्रत्येक टेस्टमध्ये मी तीन सभासद घेऊन शेवटच्यालाच काढत होते. शेवटच्याला काढलं की कुणालाच हलावं लागत नाही.

इथवर सापडल्यावर घरी जायला हरकत नव्हती. पण जिन्याच्या तोंडाशी मनात आलं की या दहा दिवसांत एखादा नवीन सभासद आला असता तर? परत येऊन लॅपटॉपवर तेच घडवून बघितलं. बारा जण, चार नंबरचा गेला, मग एक नवा आला. तो रिकाम्या अकराव्या घरात बसला, लांबी पुन्हा बारा. आता जुना अकरावाला बाहेर पडतो म्हणाला. मॅपिंग म्हणतं अकरा. अकरावं घर आहे, हद्दीत आहे, तक्रारीचं कारणच नाही. कॉन्ट्रॅक्टने ते घर पाडलं. ट्रान्झॅक्शन यशस्वी, स्टेटस एक. यादीतून गेला तो नुकताच आलेला सभासद, ज्याने काहीच मागितलं नव्हतं. जायचं म्हणणारा आत तसाच.

त्या रात्री मला खरोखर भीती वाटली. आमच्या गटात दहा दिवसांत कुणी नवीन आलं नाही एवढ्याच कारणाने ही चूक बत्तीस नंबर होऊन आमच्यासमोर आली. एक माणूस मध्ये आला असता तर ती गप्प झाली असती, आणि पुढेमागे खऱ्या पैशांवर चालली असती. तोवर मी रिव्हर्टला शत्रू मानत होते. रिव्हर्ट झालं की त्या ट्रान्झॅक्शनमधलं सगळं पूर्वस्थितीला येतं, हिशेबाला धक्का लागत नाही. जातो तो फक्त थोडा गॅस. माझ्याशी खोटं बोललं होतं ते यशस्वी झालेलं ट्रान्झॅक्शन.

आणि तेव्हा आईची वही आठवली. माझ्या यादीत नंबर म्हणजे घर होतं आणि मी त्याला माणूस समजत होते. आईने दोन्ही कधी वेगळे होऊच दिले नाहीत, रिकामी जागा सोसली पण नंबर हलवला नाही. मी जागा वाचवायला माणसं हलवली, तर हलवल्याची नोंद ठेवणं माझं काम होतं.

मॅपिंगचा आणखी एक फसवा गुण आहे. ज्याची नोंदच नाही त्याच्यासाठीही ते शून्य सांगतं. आणि शून्य हा तर पहिल्या माणसाचा घर नंबर. म्हणजे यादीत नसलेल्या कुणाला तरी काढायला गेलो तर पहिलाच सभासद जातो, पुन्हा बिनबोभाट. ओपनझेपलिन या तयार कोडसंग्रहातल्या संचात म्हणूनच जागा एकाने वाढवून साठवतात, शून्याचा अर्थ 'इथे कुणी नाही' एवढाच राहतो. हे वाचलं तेव्हा मी सॉलिडिटीत तीन वर्षं घालवून बसले होते. पहिल्या महिन्यातच वाचायला हवं होतं. नव्याने शिकणाऱ्यांना मी आता आपलं फंक्शन लिहिण्याआधी ते कोड ओळीओळीने वाचायला लावते.

'डिलीट'ने मोकळ्या राहिलेल्या घराचीही एक आठवण आहे. एका जुन्या कामात कुणीतरी सभासद नुसते डिलीट केले होते. त्या घरात शून्य पत्ता राहिला. पैसे वाटणारा लूप त्या घरापाशी आला की टोकन कॉन्ट्रॅक्ट अडवायचं: शून्य पत्त्यावर पाठवता येत नाही. एरर टोकनकडून येत असल्याने आठवडाभर सगळे टोकनचंच कोड तपासत होते.

गॅसचा प्रसंग याहून मोठा. २०२० च्या मध्यात, इथेरियमच्या मुख्य साखळीवर, एका कामात सगळ्या सभासदांच्या खात्यात एकाच फेरीत हिस्सा जमा करणारं फंक्शन होतं. दर माणसामागे साधारण तीस हजार गॅस लागायचा. चाळीस जणांवर टेस्ट केलं होतं, छान चाललं. दर तिमाहीला चालायचं. सभासद वाढत गेले, चारशे ओलांडले, आणि एका तिमाहीला ते चालेना. त्या वेळी एका ब्लॉकची गॅसमर्यादा सुमारे एक कोटी पंचवीस लाख होती. चारशे तीसला तीस हजारांनी गुणा. एक कोटी एकोणतीस लाख. कितीही फी देऊ केली तरी ते ट्रान्झॅक्शन कुठल्याच ब्लॉकमध्ये मावणार नव्हतं. कोडमध्ये एकही चुकीची ओळ नव्हती. आम्ही भरभराटीची टेस्ट केली नव्हती, एवढंच.

हे काही आमच्यावरच ओढवलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. २०१६ साली इथेरियमवर गव्हर्नमेंटल नावाचं पाँझी पद्धतीचं एक कॉन्ट्रॅक्ट होतं. जिंकणाऱ्याला सुमारे १,१०० इथर मिळायचे होते, पण पैसे देण्याच्या ट्रान्झॅक्शनमध्येच ते कॉन्ट्रॅक्ट पैसे लावलेल्यांच्या याद्याही पुसत असे. त्या पुसायला ५०,५७,९४५ गॅस लागत होता आणि एका ट्रान्झॅक्शनला तेव्हा जास्तीत जास्त ४७,१२,३८८ मिळत होता. बक्षीस अडकलं. आमच्या त्या तिमाही वाटपासाठी आम्हाला नवीन कॉन्ट्रॅक्ट लिहावं लागलं, पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांनी सभासद तिकडे न्यावे लागले. त्यात तीन आठवडे गेले. नव्यात वाटप नव्हतं. प्रत्येकाचा हिस्सा किती हे हिशेबाने निघायचं आणि ज्याचा त्याने येऊन तो उचलायचा. तेव्हापासून कुठल्याही लूपपाशी मी थांबते आणि विचारते की ही यादी कोण वाढवतं, आणि तिला वरची मर्यादा कुठे लिहिली आहे. उत्तर 'कुणीही' आणि 'कुठेच नाही' असं आलं तर तो लूप मी पुढे जाऊ देत नाही. यावरून लोक माझ्यावर चिडलेही आहेत.

जुनं कोड तपासताना एक गोष्ट दिसली तेव्हा तर हात थबकले होते. ०.६ आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१९ च्या डिसेंबरपर्यंत, यादीची लांबी सरळ लिहून बदलता यायची. लेंग्थमधून एक वजा केला की शेवटचं घर गेलं. पण यादी रिकामी असताना वजा केला तर शून्यातून एक जाऊन अठ्ठ्याहत्तर अंकी आकडा व्हायचा. त्या यादीच्या दृष्टीने कॉन्ट्रॅक्टचा अख्खा साठा तिच्या हद्दीत. घर नंबर हिशेबाने निवडला तर मालकाचा पत्तासुद्धा बदलता येईल. कुठलीही एरर नाही. मला दिसलेल्या कोडमध्ये ते फंक्शन फक्त मालकालाच चालवता येत होतं, म्हणून निभावलं. उलट्या लूपचंही असंच: ऋण संख्या नसलेल्या प्रकारात 'शून्य किंवा मोठा असेपर्यंत' ही अट कधी खोटी होतच नाही. आता निदान तिथे अकरा नंबरचा पॅनिक येतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा शिकायला आला. हुशार, कष्टाळू. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर त्याने कॉन्ट्रॅक्टमधल्या जवळजवळ प्रत्येक फंक्शनला 'पेएबल' लावलं होतं. विचारलं तर म्हणाला, "ताई, रीमिक्सच सांगतंय ना." रीमिक्स रिव्हर्टच्या संदेशाखाली एक टीप देतं, की पैसे पाठवत असाल तर फंक्शन पेएबल हवं आणि तुमच्या खात्यात तेवढी शिल्लक हवी. टीप खोटी नाही, पण ती कारण काहीही असो, खाली येतेच. त्याचं कारण वेगळं होतं. फंक्शनच्या आत मेमरीत यादी घोषित केली होती, पण तिला आकार दिला नव्हता. अशी यादी शून्य लांबीची असते आणि मेमरीतल्या यादीला नंतर वाढवताही येत नाही. तो पहिल्याच घरात लिहायला जात होता आणि घरच नव्हतं.

मी त्याला लगेच उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, ज्या ओळीवर पडतंय तिच्या आधी त्या यादीची लांबी छापून बघ. हार्डहॅट या चाचणीच्या साधनात कन्सोलवर छापता येतं, त्याने छापली. स्क्रीनवर शून्य आलं. तो काही क्षण बघत राहिला आणि मग स्वतःच पेएबल पुसायला लागला. मला स्वतःला ही सवय लागायला फार वेळ गेला. एरर आली की आपण काय करत होतो हे आठवतो, यादी तेव्हा कशी होती हे विचारत नाही.

लांबी विचारायची सवय लागली की पुष्कळ गोष्टी पाच मिनिटांत उलगडतात. पत्त्यांची एक यादी आणि रकमांची दुसरी, अशा जोडीने वाटप करणारं फंक्शन एकदा शेवटच्या माणसापाशी पडत होतं. पत्ते २०१, रकमा २००. एक्सेलमधून चिकटवताना मधल्या एका रकमेची चौकट रिकामी राहिली होती. ती रक्कम गळली म्हणजे तिच्या पुढच्या सगळ्या रकमा एकेक माणूस वर सरकल्या होत्या. शेवटी पडलं म्हणून वाचलं. उलट झालं असतं, म्हणजे एक पत्ता गळला असता, तर शेवटची रक्कम नुसती उरली असती, पैसे एकाचे दुसऱ्याला गेले असते आणि ट्रान्झॅक्शन हिरवं दिसलं असतं. तेव्हापासून फंक्शनच्या पहिल्याच ओळीत दोन्ही लांब्या सारख्या आहेत का ते तपासते, आणि शक्य असेल तिथे दोन याद्याच ठेवत नाही. पत्ता आणि रक्कम एकाच घरात बांधून टाकते.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका टीमचं कॉन्ट्रॅक्ट माझ्याकडे तपासायला आलं. नीटनेटकं कोड, एकशे दहा टेस्ट, सगळ्या हिरव्या. सभासद काढण्याच्या फंक्शनपाशी आले आणि बाणेरच्या ऑफिसातला तो कागद डोळ्यांपुढे उभा राहिला. शेवटच्याला उचलून मोकळ्या घरात बसवलं होतं. खाली पॉप. मध्ये एक ओळ नव्हती. मी अहवालात लिहिण्याआधी एक टेस्ट लिहिली: चार जण घ्या, दुसऱ्याला काढा, एक नवा घ्या, मग हलवलेल्याला काढा, आणि शेवटी तपासा की नवा अजून आत आहे का. चालवली. एकशे दहा हिरव्यांच्या खाली एक लाल. ती टेस्ट तशीच त्यांच्याकडे पाठवली. अर्ध्या तासाने त्यांच्या बाजूने बदल आला, आणि त्यात ती ओळ होती.